एक एमएल

मी घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका मराठीत लिहितो. मिक्सरचं झाकण नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये, हे मी आजवर निदान वीस प्रकारे लिहिलं असेल. म्हणून लेकीला औषध पाजायचं काम घरात माझ्याकडे आलं. सूचना नीट वाचणारा माणूस अशी माझी ख्याती होती.

लेक तेव्हा सोळा महिन्यांची होती. चारकोपच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो: मी, बायको, लेक आणि माझी आई. बायको अंधेरीला बँकेत. आई मालवणकडची, सातवीपर्यंत शिकलेली, गिरणी कामगाराची बायको म्हणून मुंबईत आली आणि तीन मुलं वाढवली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी लेकीचं अंग तापलं. थर्मामीटर एकशे एक दाखवत होता. ती सहा महिन्यांची असताना लस टोचल्यावर ताप आला होता, तेव्हा डॉक्टरांनी तापाचे ड्रॉप्स दिले होते: एक एमएल, दर सहा तासांनी. तो आकडा माझ्या पक्का लक्षात होता. बाटली कपाटात सापडली. मी तारीख वाचली. मुदत संपली होती. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, बाटली फेकली आणि ड्रॉपर तेवढा गरम पाण्याने धुऊन ठेवला.

केमिस्ट म्हणाला, ड्रॉप्स संपलेत, सिरप आहे, औषध तेच. ते खरंच होतं. घरी येऊन मी ड्रॉपरने बरोबर एक एमएल सिरप ओढलं आणि लेकीला पाजलं. ती तक्रार न करता प्यायली. मोबाइलवर सहा तासांचा गजर लावला.

ताप उतरला नाही. बायकोने मोबाइलमध्ये तक्ता केला: वेळ, ताप, औषध, शेरा. दर अर्ध्या तासाला ती थर्मामीटर लावायची. आईने लेकीला स्वेटर आणि कानटोपी घातली, खिडक्या लावल्या. बायकोने कानटोपी काढली. आईने परत घातली. दिवसभर हे चाललं होतं आणि त्याबद्दल दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. लेकीला तो खेळ वाटला असावा.

रविवारी सकाळी ताप एकशे तीन झाला. बायकोने कुठंतरी वाचलं होतं की बर्फाच्या पाण्याने अंग पुसावं. आई म्हणाली, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. मी म्हणालो की या कंपनीचं औषधच बोगस दिसतंय, दुसरं जरा कडक आणतो. चपला घातल्याही होत्या. तेव्हा आई म्हणाली, "चेडू मुतता मां? मगे कित्याक घाबरतंस?" पोर लघवी करतेय ना, एवढंच तिचं माप होतं.

बायको म्हणाली, "आई, तक्ता तरी बघा ना."

आईने तक्ता बघितला नाही. पण दवाखान्यात जाऊ या, यावर तिघांचंही एकमत झालं. रविवारी तो बारापर्यंत उघडा असतो. एका रिक्षात बसून आम्ही निघालो. औषधाची पिशवी माझ्या मांडीवर होती.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई. त्यांनी लेकीला तपासलं, कान बघितले, घसा बघितला, वजन केलं. बायकोने मोबाइल पुढे केला. त्यांनी तक्ता शेवटपर्यंत सरकवून बघितला आणि परत दिला. मग विचारलं की मुलगी पाणी पिते का, लघवी किती वेळा झाली, मध्ये खेळते का. तक्त्यात हे रकाने नव्हते. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

उत्तर आईने दिलं. काल पाच वेळा, आज सकाळपासून दोनदा. अर्धी वाटी पेज खाल्ली. मघाशी खिडकीत कावळा आला तर हात करून बोलावत होती. डॉक्टरांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि तिला म्हणाल्या, "आजी, तुमचं लक्ष चांगलं आहे. पण हे स्वेटर नको. अंगातली गरमी बाहेर पडायला हवी." आईने स्वेटर आणि टोपी काढून आपल्या पिशवीत टाकली.

बर्फाचं पाणीही नको, असं त्यांनी बायकोला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "औषध कसं देता ते दाखवा."

मी बाटली उघडली, ड्रॉपर बुडवला, एक एमएल ओढून दाखवला. हात अगदी स्थिर होता.

"हा ड्रॉपर कुठला?"

"जुन्या बाटलीचा. धुतलेला आहे."

त्यांनी ड्रॉपर माझ्या हातातून काढून घेतला. मग समजावलं. ड्रॉप्स या सिरपच्या चौपट दाट असतात. आता मुलीचं वजनही वाढलंय. मी कालपासून तिला लागणाऱ्या औषधाचा सहावा हिस्सा देत होतो. "हे तरी बरं," त्या म्हणाल्या. "उलट झालं असतं, सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले असते, तर आज इथे नाही, मोठ्या हॉस्पिटलात असता."

त्यांनी सिरपच्या बाटलीवरचं मापाचं टोपण माझ्या हातात दिलं आणि रेघेपर्यंत भरायला लावलं. मी भरलं. ओतून परत भरायला लावलं. ताप तीन दिवसांवर गेला, मूल सुस्त पडलं, पाणी प्यायचं थांबलं, श्वास जोरात चालला किंवा झटका आला तर वाट बघायची नाही, असं सांगून ते सगळं माझ्याकडून परत म्हणून घेतलं. श्वासाचं मी विसरलो. पुन्हा म्हणायला लावलं. बाहेर चार पेशंट थांबले होते आणि दार उघडं होतं.

घरी आल्यावर टोपणाने औषध दिलं. तासाभरात लेक घामाघूम झाली आणि तिने पेजेची वाटी जमिनीवर फेकली. आईने फरशी पुसली. बायको पलंगाच्या कडेला बसून जरा रडली.

"बाटलीवरचं वाचलं नव्हतंस?" तिने विचारलं.

"तारीख वाचली होती."

"कालच मला ते पातळ वाटलं होतं. तुला विचारणार होते. म्हटलं, तू वाचलं असशील."

मी केराच्या डब्यातून सिरपचं खोकं काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. इंग्रजी बाजू संपवली, मग हिंदी. अक्षर फार बारीक होतं.

संध्याकाळी ताप परत चढला, औषधाने उतरला. मंगळवारी गेला तो गेलाच. पोटावर लाल पुरळ आलं, तेव्हा डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अशा तापात पुरळ येतं, आपोआप जाईल. तेही गेलं.

गुरुवारी आईला ताप आला. तिने कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी चहाचा कप देताना बायकोचा हात तिच्या हाताला लागला, तेव्हा आम्हाला कळलं.