सामानावर ठेवलेला दगड

शाळेची सहल निघाली की माझी नेमणूक ठरलेली असायची: सामान सांभाळणे. लहानपणी पोलिओने डावा पाय बारीक झाला, आणि पुढे मी शिक्षिका झाले तरी सगळ्यांच्या लेखी मी बसून राहण्याच्याच कामाची. २०१६च्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही आठ शिक्षक डहाणूहून निघालो, गंजाडच्या पुढच्या जंगलातला धबधबा बघायला. टमटममधून उतरताच मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही इथेच सावलीत बसा. वाट चढाची आहे. आम्ही फोटो आणतो ना तुमच्यासाठी!"

फोटो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बसले. इतकी वर्षं बसतच आले होते ना.

नदीकाठी सागाच्या झाडाखाली सगळ्यांच्या पिशव्या आणि मी. धबधब्याचा आवाज तिथवर येत होता, त्याने तर चीड आणखीच वाढत होती. तेवढ्यात पाड्यावरची एक बाई आली. वयाने माझ्याहून मोठी, कमरेला खेकडे ठेवायची टोपली.

"बाय, तू नाय गेलीस वरती?"

"सामान आहे ना."

ती हसली. वाटेकडेला सरपणाची एक मोळी पडली होती, तिच्यावर दगड ठेवलेला. "ती माझी. सकाळपासून पडलेय. दगड ठेवला म्हणजे कोणाची तरी हाय. कोण नाय हात लावत."

मी पिशव्या एकावर एक रचल्या. मुख्याध्यापकांची सगळ्यात वर ठेवली आणि तिच्यावर चांगला वजनदार दगड. माझा डबा तेवढा काखेत मारला.

ती वाटेने गेलीच नाही, नदीतून वर धबधब्याकडे निघाली. खेकडे धरायचे म्हणजे दर चार पावलांवर थांबायचं, दगड उलटायचा, खाली हात घालायचा. तिच्या मागून मी खडकांना धरत, कधी चक्क बसून सरकत. साडी कमरेपर्यंत भिजली, गुडघा सोलवटला. पण माझ्यासाठी कोणी खोळंबलं नव्हतं. तिचं कामच थांबत थांबत चालायचं होतं, आणि त्या चालीत मी कुठेच मागे पडत नव्हते.

शेवटचं वळण घेतलं आणि तोंडावर तुषार आले. पाणी काळ्या कातळावरून सरळ खाली कोसळत होतं. मला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

मुख्याध्यापकांनी मला पाहिलं. पहिला प्रश्न काय, तर "अहो बाई, सामान कोणाकडे?"

"दगडाकडे," मी म्हटलं. पाण्यात पाय सोडून डबा उघडला आणि अर्धी भाकरी खेकडेवालीला दिली.

बाकीच्यांची जेवणं खालीच राहिली होती. थोड्या वेळाने ते सगळे भुकेने उठले. मुख्याध्यापक जरा नरमले होते. म्हणाले, "चला बाई. हळूहळू या, आम्ही थांबतो तुमच्यासाठी."

"थांबू नका," मी म्हटलं. "आपापलं सामान उचला आणि पुढे व्हा. मी हिच्याबरोबर येते."