व्हिडिओ अर्ध्यावरच थांबवला

मंडळी, आज सातवीच्या पोरांना आपल्या पहिल्या राष्ट्रपतींवरचा व्हिडिओ दाखवत होते. देवणीजवळच्या आमच्या शाळेत टीव्ही आल्यापासून पोरं या तासाची वाटच बघतात.

बाराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, असं त्यात आलं आणि वर्ग खो खो हसला. मीही हसले. म्हणाले, "अरे, तो जुना काळ होता."

मागून पूजा उठली. "मॅडम, आपल्या शीतलचं बी झालं की आयतवारी."

शीतल चार दिवस वर्गात आली नव्हती. 'मामाकडं गेली' असं तिच्या आईनं सांगितलं आणि मीही खुशाल मान डोलावली होती.

"तुम्ही होतात लग्नात?" मी विचारलं.

"समदेच होतो. पंगतीत वाढलं बी. मॅडमला सांगायचं न्हाई म्हणले घरचे."

मग पूजानंच विचारलं, "ते तर लग्नानंतर बी शिकले ना? मग शीतल कवा येणार?"

व्हिडिओ बंद केला. बाहेर येऊन ग्रामसेवकांना फोन लावला, गावातले बालविवाह रोखायची जबाबदारी त्यांचीच ना. तेही त्याच पंगतीत जेवून आले होते.

उद्या उरलेला व्हिडिओ दाखवायचाय. कोणत्या तोंडानं दाखवू, तुम्हीच सांगा.