पोत्यावर पोतं

माझी गाडी फार बोलते. पट्टा लावा, दार नीट लागलं नाही, रेषेबाहेर चाललात, थकलेल्या दिसता, जरा थांबा. साकोलीहून सानगडीच्या शाळेत पोचेपर्यंत डोकं भणभणतं, आणि पोरं तर अजून वर्गात यायचीच असतात. घेताना शोरूममधल्या बाईनं सगळी बटणं समजावून सांगितली होती. मी मान डोलावली, कळलं काहीच नाही. बाबा तेव्हाच म्हणाले होते, "नाकापेक्षा मोती जड हाय हे."

बाबांनी जन्मभर ट्रॅक्टर आणि एक जुनी जीप चालवली. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचे. माझ्या गाडीचं बॉनेट त्यांनी एकदाच उघडून पाहिलं. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकनं झाकलेलं. "यात हात घालाले जागाच नाही," म्हणाले आणि बंद केलं. तेव्हापासून ते माझ्या बाजूला ऐटीत बसायचे, पण कशाला हात लावायचे नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर कंपनीचा मेसेज आला. स्टेअरिंगमधल्या एअरबॅगेत दोष आहे, टक्कर झाली तर ती फुगताना फुटून आतल्या लोखंडाचे तुकडे चालवणाऱ्याच्या अंगावर उडू शकतात, भंडाऱ्याला फुकट बदलून देऊ. फोन केला, तर नवीन बॅग यायला बारा दिवस. तोवर शक्यतो चालवू नका म्हणे. शाळा काय चालत माझ्या दारात येणार होती?

मेसेज मी बाबांसमोर मोठ्यानं वाचला, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी धान घेऊन ते राईस मिलवर गेले आणि तिथून सगळ्यांची मतं घेऊन आले. एक म्हणे, खराब होती तं विकली कायले? दुसरा म्हणे, सांगते तरी बिचारी, आपलं बियानं उगवलं नाही तं कोन सांगाले येते? तिसऱ्यानं गाडी विकून टाकायचा सल्ला दिला. घ्यायला तो स्वतःच तयार होता.

आमच्याकडे धानाचं पोतं उसवलं तर फेकत नाहीत. वरून दुसरं पोतं चढवतात आणि दाभणानं शिवतात. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं दार उघडलं, तर स्टेअरिंगच्या मधोमध चार पदरी बारदान सुतळीनं गच्च शिवलेलं.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे काय करून ठेवलं?"

"तुकडे उडतीन म्हनते ना? आता अडतीन."

"काही अडत नाहीत. बॅग फुगली तर हे बारदान पहिले माझ्या तोंडावर येईल."

मी तिथंच कात्री आणून टाके कापले. बारीक, सारख्या अंतराचे टाके. माझं पहिलं दप्तर बाबांनीच शिवलं होतं, तेही असंच. हे आठवलं तेव्हा अर्धे कापून झाले होते. बाबा दारात उभे होते. संध्याकाळी भात अर्धा ठेवून उठले. मला माफी मागता येत नाही, म्हणून मी त्यांना चहा करून दिला, जास्त साखरेचा.

त्यानंतर मी एसटीनं जायला लागले. गाडी अंगणात.

बाराव्या दिवशी भंडाऱ्याला जायचं म्हणून बाहेर आले, तर गाडी सुरू होती. बाबा स्टेअरिंगवर, पट्टा लावून.

"तुम्हाला सुरू करता आली?"

"ब्रेक दाबून बटन दाबाचं, एवढंच तं हाय. तू शाळेत गेली का शिकत होतो."

"उतरा. मी चालवते."

"बस बाजूले."

"बाबा, ती बॅग आता तुमच्या समोर आहे."

"म्हनून तं बसलो. माह्यं सारं पाहून झालं. तुह्यं बाकी हाय."

मी बाजूला जाऊन बसले. हायवेवर चाळीसच्या वर त्यांनी गाडी नेली नाही, मागचे ट्रक हॉर्न मारून मारून बेजार झाले. लाखनीजवळ गाडीनं विचारलं, थकलात का? "नाही," बाबा तिला म्हणाले. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, शाळा मला वचकून असते. भंडारा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि बाबा रस्त्यावरून नजर हलवत नव्हते.

दीड तासात बॅग बदलून झाली. मेकॅनिकनं चावी बाबांच्या हातात दिली. बाबांनी त्याला दोनदा विचारलं, पक्कं झालं ना? तो हो म्हणाला. मग त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली.

"आता तू चालव," म्हणाले, आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले.