बाईच्या नावावर घर

बँकेतल्या सायबाचा फोन आला तवा मी लेकीला भात भरवून राहिले होते. फोन ह्यांनी उचलला, अन् ऐकता ऐकता माझ्याकडं बघाय लागले. तुमच्या बायकोच्या नावावर बायांच्या गटाचं कर्ज निघालं, दोन हप्ते थकलेत, ते मिटवून दाखला आणल्याबिगर घरकर्ज सुटणार न्हाई, असं सायेब म्हणून राहिला. रजिस्ट्री चार दिवसांवर. तारीख हुकली की इसार बुडणार.

"तू उचललं का कर्ज?"

"न्हाई. मला काय म्हाईत न्हाई."

तोंडातून निघूनच गेलं. घास हातातच.

नांदेडातलं ते दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर होणार होतं. बाईच्या नावावर स्टॅम्प कमी लागतो म्हणून. मी सातवी शिकलेली, सायबानं बोट ठेवलं तिथं सही केली, दुसरं कर्ज न्हाई असंच त्या कागदावर होतं म्हणं. अन् मला ते माझं कर्ज वाटतच नव्हतं. लातूरला माझ्या बहिणीचं लेकरू दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, तिला कुणी पैसा देईना, म्हणून मी माझ्या आधारकार्डावर गटातून उचलून दिला. हप्ते ती भरणार होती. ह्यांना सांगितलं न्हाई.

हे खवळले. गरिबाच्या बाईला फसवता काय म्हणत मला घेऊन सरळ गटाच्या मीटिंगला गेले. गल्लीतल्या सगळ्या बाया सतरंजीवर बसलेल्या. वसुलीच्या मॅडमनी मोबाईलमधला, कर्ज देतानाचा फोटो तेवढा दाखवला. मी, कडंवर लेक, हातात नोटा.

एक म्हातारी म्हणली, "बघा की दाजी, कशी हसून राहिली तुमची बायको."

घरी येऊन ह्यांनी पिठाच्या डब्यातले स्टॅम्पचे पैसे काढले, माझ्या पुढ्यात ठेवले.

"जा, भरून ये."

भरले. दाखला मिळाला, पण स्टॅम्पला पैसा उरला न्हाई. तारीख गेली, इसार गेला. त्या घरात आता दुसरेच राहतात, ऑटोनं तिथून जाताना मी लेकीचं तोंड पुसत बसते. हे अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बहीण लेकराचे फोटो पाठवती, आता बसाय लागलंय ते. पैशाचं नाव ती बी काढत न्हाई, मी बी न्हाई.

तुमी असता तर काय केलं असतं? बहिणीला न्हाई म्हणला असता, का ह्यांनी इचारलं तवाच हाव, उचललं म्हणला असता?