युरिया पत्ता आणि रहमतभाईंचा हात

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात रहमतभाईंचा हात मशिनीइतकाच जुना होता. हंगामात दारापुढे कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली, की मालक आधी चहा मागवी आणि मग रहमतभाईंना. रहमतभाई बाही दंडापर्यंत सारत, बंडीच्या पोटात हात खुपसत, खोलवरून मूठभर कापूस ओढून काढत. दोन्ही अंगठ्यांत धरून तो हलकेच ताणला की धागा किती लांब, ओल किती, कवडी म्हणजे किडका पिवळा माल किती, हे त्यांना कळे. मग ते ग्रेड सांगत, आणि त्यावर कुणी हूं की चूं करत नसे.

त्यांचा कायदा एकच, वरचा माल पाहायचा नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे त्यांना मान्य होतं, पण भात शिजवणारी बाई चांगली शितं वर लावून ठेवत नाही, असं ते म्हणत. शेतकरी ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, असंही म्हणत.

पण हंगाम आटोपला की दिवाळीपर्यंत हा नामी हात रिकामा. नुसत्या बिड्या वळून दिवस जाईना. शेवटी त्यांची मुलगी माहनूर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, ती त्यांना बसस्टँडजवळच्या अनिमेषच्या स्टेशनरीच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या बाकड्यावर दर रविवारी नागपूरहून पाकिटांत येणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांचा खेळ चाले.

"पत्ते? तौबा!" रहमतभाई दारातच थांबले.

"पैशाचे नाही, अब्बा. डोक्याचे हायेत," माहनूर म्हणाली.

डोक्याचे म्हटल्यावर रहमतभाई बसले, आणि बसले ते बसलेच.

खेळ तसा सोपा. प्रत्येकानं आपल्या मालकीच्या पत्त्यांतून चाळीसची गड्डी बांधायची. सुरुवातीला हातात पाच पत्ते, मग दर फेरीला एक. पहिल्या फेरीत एक ताकद मिळते, दुसरीत दोन, अशी ती वाढत जाते. लहान पत्ते एकदोन ताकदीत टाकता येतात. गेंड्यासारखा मोठा पत्ता टाकायला सहा लागतात, पण एकदा पडला की समोरच्याची पळता भुई थोडी. आता सहाव्या फेरीपर्यंत थांबायला कुणाला धीर? त्यासाठी एक पत्ता होता. तो टाकला की त्या फेरीपुरती दोन ताकद जादा मिळे, आणि पत्ता खलास. पत्त्यावर इंग्रजीत काहीबाही लांबलचक नाव होतं. दिग्रसनं त्याला युरिया म्हटलं आणि विषय संपवला.

पत्त्यांची अदलाबदल करायची तर भांडणं होत. एकदा रहमतभाईंनी मध्ये पडून कापसासारखी ग्रेड लावून दिली, "हा ए, हा बी, अन् ही कवडी", आणि तेव्हापासून रिवाजच पडला. रहमतभाईंचा हात लागल्याशिवाय बाकड्यावर सौदा होत नसे. जिनिंगमधला मान आता बाराही महिने मिळू लागला. माणूस खूश होता. खोटं कशाला बोला, थोडा फुगलाही होता.

अशात यवतमाळला जिल्ह्याची स्पर्धा ठरली. माहनूर बाकड्यावर सगळ्यांत चांगली खेळायची, तिनं नाव दिलं. पंधरा दिवस आधी पियूषनं तिला सौदा विचारला. पियूष इंगळे हा बी.एड. होऊन नोकरीची वाट पाहणारा, तोवर शिकवण्या घेणारा पोरगा. त्याच्याकडे दोन युरिया होते. माहनूरकडे एक युरिया आणि अख्ख्या दिग्रसमधला एकुलता एक गेंडा.

"दोन युरिया देतो, गेंडा दे."

माहनूरनं बापाकडे पाहिलं. रहमतभाईंना फार विचार करावाच लागला नाही. पियूषनं गेल्या महिन्यात एकामागून एक दोन युरिया टाकून पहिल्याच फेरीत पाच ताकदीचा अजगर काढला होता, ते बाकड्यावर अजून सांगत होते. त्याआधी अनिमेषनंही तसाच डाव जिंकला होता.

"ए ग्रेड," रहमतभाई म्हणाले. "घे बेटा."

माहनूरनं गेंडा दिला.

त्या रविवारी ती सलग पाच डाव हरली. घरी आल्यावर तिनं गड्डी पलंगावर टाकली. "खत भरपूर झालं, अब्बा. पीकच नाही."

तिनं बापाला दोष दिला नाही, आणि तेच रहमतभाईंना जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला समोर बसवलं आणि स्वतः खेळायला घेतलं. चार दिवसांत तीस डाव. प्रत्येक डावाची खडूची खूण भिंतीवर. युरिया सुरुवातीच्या हातात आला का, आला तर पुढं काय झालं, सगळं. जैबुनबी, त्यांच्या बेगम, भिंत बघून कपाळ बडवत होत्या, पण खूण पुसायची त्यांची हिंमत झाली नाही.

तीसपैकी दहा डावांत युरिया पहिल्या पाच पत्त्यांत आला. त्यातल्या सात डावांत जादा ताकद मिळाली, पण ती लावायला हातात मोठा पत्ताच नव्हता. झाड हिरवंगार, बोंडं नाहीत. उरलेल्या वीस डावांत युरिया उशिरा आला, तेव्हा ताकद आधीच उतू जात होती, आणि तो हातात नुसता बसून राहिला. पत्त्याचं सोनं झालं ते फक्त तीन डावांत. आणि असेच दोन-तीन डाव सारं बाकडं सांगत होतं. हरलेला डाव कोण सांगतो?

रहमतभाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"मी वरचा माल पाह्यला," ते म्हणाले.

"पत्ता कवडी हाये का मग?" माहनूरनं विचारलं.

"कवडी नाही. लवकर आला अन् सोबत मोठा असला, तं ए ग्रेड. पण मोठा देऊन हा घेणं म्हणजे पीक उपटून खत टाकणं झालं. मीच तुले सांगतलं ते."

स्पर्धेला आता आठवडा उरला होता. गेंडा परत मिळवायचा तर एकच वाट होती, आणि ती रहमतभाईंना काट्यासारखी टोचत होती. सौदा मोडायचा म्हणजे चारचौघांत सांगायचं, माझा हात चुकला. आयुष्यात त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. त्याच एका वाक्याच्या नसण्यावर तर त्यांचा मान उभा होता.

रविवारी बाकडं भरल्यावर ते उभे राहिले. "पियूष, तो सौदा मी चुकीचा लावला. वरचाच नमुना घेतला. पोरीचा गेंडा वापस दे, तुह्ये दोन युरिया घे."

अनिमेषचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. कुणीतरी हसलं. पियूष मात्र हसला नाही.

"चाचा, असा नमुना पहिल्यांदाच घेतला का?"

"म्हंजे?"

"चार वर्षांमांगं आमची बंडी आलती जिनिंगात. मी बंडीवरच बसून होतो. बाबा म्हणे, भाई, खालून पाहा. तुम्ही म्हटलं, मले शिकवता काय?"

रहमतभाईंना आठवलं. खरं तर ते कधी विसरलेच नव्हते. बोंडअळीचं साल, भाव पडलेला, बंड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत, आणि मालक मागून घाई करत होता. पियूषचे बाबा अनंतराव इंगळे सरळ माणूस. जगानं चांगला माल वर ठेवला, तर यानं कवडीच वर ठेवली होती, दिसावी आणि वेगळी काढता यावी म्हणून. रहमतभाईंनी वरून मूठ उचलली आणि मनाशी म्हटलं, वर असा तर खाली कसा असेल! साऱ्या बंडीला शेवटची ग्रेड. पुढची बंडी.

"हाव," रहमतभाई म्हणाले. "हात नव्हता घातला मी."

पियूषनं खिशातून गेंडा काढून माहनूरच्या हातात ठेवला.

"हे मले कायले सांगता, चाचा? बाबाले सांगा."

(त्याच गेंड्यावर माहनूर पुढच्या रविवारी यवतमाळला तिसरी आली. एक युरिया ठेवला होता तिनं, एकच. पण आपली गोष्ट रहमतभाईंची आहे.)

सोमवारी सकाळी ते इंगळ्यांच्या गावी जायला दारव्ह्याच्या एस.टी.त बसले. अर्ध्या तासाचा रस्ता, पण वाटेत दोनदा त्यांना वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. अनंतराव ओसरीत दोर वळत बसले होते. बघितल्याबरोबर उठले, पाणी दिलं, "या रहमतभाई" म्हणाले. रहमतभाईंनी पाणी हातात धरूनच सांगून टाकलं. पाणी पिऊन बोलायचा त्यांना धीर नव्हता.

अनंतराव ऐकत होते. मग विचारलं, "पोट्टा म्हणे, पत्त्यांवरून आठवलं तुमाले?"

"पत्त्यांवरून बोलता आलं. आठवण तं होतीच."

"मंग चार वर्षं काहून लागले?"

रहमतभाईंनी पाणी तसंच खाली ठेवलं. अनंतराव आत गेले आणि माजघराचं दार उघडून उभे राहिले. आत भिंतीला लागून छातीएवढा कापसाचा ढीग होता. भाव वाढेल म्हणून उन्हाळ्यातही तसाच ठेवलेला.

"आता पाहा," ते म्हणाले.

रहमतभाईंनी चप्पल बाहेर काढली. बाही वर सारली आणि गुडघे टेकून हात ढिगात खुपसला, कोपर गेलं, दंड गेला, गाल कापसाला टेकला. तळातून मूठ काढली. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणली, एकदा, दोनदा. डोळे भरून आले होते, पण धागा डोळ्यांनी थोडाच बघायचा असतो.

"चांगला हाये, अनंतराव. ए ग्रेड हाये."

"तवाही होता," अनंतराव म्हणाले, आणि आत चहा टाकायला सांगितला.