पेंटरची दुसरी कोळंबी

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका बुधवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, राजुरीच्या पेंटरनी जुन्नरच्या कॉलेजात येऊन स्वतःचं पसंत झालेलं चित्र परत मागितलं. मी तिथे होतो. विज्ञान प्रदर्शनाची बातमी घ्यायला गेलो होतो. ती त्या दिवशी झाली नाही.

तुम्ही आळेफाट्याकडून जुन्नरला आला असाल, तर कांद्याच्या एखाद्या ट्रॉलीमागे नक्की अडकला असाल. मग पेंटरचं काम तुम्ही पाहिलं आहे. मागच्या फाळक्यावर समोरासमोर दोन मोर आणि मध्ये मालकाच्या मुलांची नावं. डोळा मोराचा असो, वाघाचा असो की बैलाचा, त्यात पांढरा ठिपका ठरलेला. "डोळा चमाकला पायजे भाऊ," ते म्हणत. "न्हायतर जनावर झोपल्यावानी दिसतं."

त्यांना सगळे पेंटरच म्हणत. त्यांचं नाव आमच्या कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. आमची पाटीही त्यांनीच रंगवली होती. 'वार्ताहर' शब्दातला 'ह' जरा मोठा झाला आहे, असं मी एकदा दाखवून दिलं. त्यांनी मान तिरकी करून पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाकीची बारीक झाल्याती."

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना एका शोधनिबंधासाठी चित्रकार हवा होता. विषय होता कोळंबीची एक जात. लक्षद्वीपच्या समुद्रात पिसांसारख्या हातांचा एक जीव असतो, त्याला फेदर स्टार म्हणतात. त्याच्या पिसांत ही कोळंबी राहते, बहुधा जोडप्याने, आणि त्याच्याच रंगाची असते. लांबी बोटाच्या एका पेराहून कमी. पुढच्या दोन नांग्यांपैकी एक भलतीच मोठी. ती मिटताना टिचकी वाजवल्यासारखा जोरात आवाज होतो आणि त्या धक्क्याने समोरचं भक्ष्य बधिर होतं. मॅडमकडे अशी एक जोडी एका सहकाऱ्याकडून आली होती, अल्कोहोलच्या बाटलीत.

हे सगळं ऐकून पेंटर म्हणाले, "येवढासा जीव आन येवढा आवाज? ग्रामसभेला बसवा ह्याला."

पहिल्या दिवशी ते रंगांचे डबे घेऊन आले. कोळंबी अल्कोहोलमध्ये राहून पांढरी पडली होती आणि निबंध छापणाऱ्या मासिकाला फक्त काळ्या शाईची टिंबं चालत होती. सावली दाखवायची तीही टिंबांनीच. पेंटरनी डबे कोपऱ्यात ठेवले, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तीन तासांनी पहिला नमुना दाखवला. कोळंबी हुबेहूब होती. डोळ्यात पांढरा ठिपका होता.

"पेंटर, हिचे डोळे कवचाखाली झाकलेले असतात," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे चमाकत न्हाईत?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "पर जेवढं दिसतं तेवढंच काढायचं म्हंजे लई अवघड काम हाय राव."

मग मात्र त्यांना त्याची गोडी लागली. पायांवरचे केस मोजल्याशिवाय ते टिंब देईनात. विभागात कुणी चहाला बोलावलं, की मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणत, "थांबा, मोजू द्या." मॅडम सांगायच्या, की चहा चार वेळा गार व्हायचा आणि आकडा दर वेळी तोच यायचा. डावीकडे नर, उजवीकडे मादी, असं जोडीचं चित्र तयार झालं. संपादकांना ते पसंत पडलं. अंतिम प्रत शुक्रवारपर्यंत पाठवायची होती. चित्राखाली पेंटरचं नाव येणार होतं. ते त्यांनी एका चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

आणि मग तो बुधवार.

पेंटर डिंगोऱ्याला एक ट्रॉली रंगवत होते, तिथून तडक एसटीने आले होते. बोटांना कोळशाची पूड होती. ते बसले नाहीत.

"मॅडम, दुसरी कोळंबी चुकली."

ट्रॉलीवरचे दोन मोर ते दोनदा काढत नसत. एका मोराचा कागद सुईने टोचायचा, वरून कोळशाची पूड मारायची, की फळीवर मोर उमटतो. तोच कागद उलटा केला, की समोरचा मोर तयार. त्या सकाळी कागद उलटा करताना त्यांना आठवलं, की मादीचा बाहेरचा आकार आपण नराचाच कागद उलटवून घेतला होता. आतले केस आणि सांधे मोजून भरले, पण मोठी नांगी डावीकडे गेली.

मॅडमनी बाटली काढली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. दोघांची मोठी नांगी उजवीकडे होती.

मॅडमनी मान वर केली. मग म्हणाल्या, "पेंटर, या जातीत मोठी नांगी कुठल्याही बाजूला असू शकते. चित्र चूक ठरणार नाही. कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि हातात दोन दिवस आहेत."

"जातीचं मला काय म्हाईत न्हाई," पेंटर म्हणाले. "पर ही बाई डावरी न्हवती."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ट्रॉलीचा मालक इतक्या जोरात बोलत होता, की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "पेंटर, निम्मा मोर टाकून कुठं गेला तुमी?"

"निम्मा न्हाई, येक पुरा हाय," पेंटर म्हणाले. "दुसऱ्याला शनवार उजाडंल." त्यांनी फोन बंद केला, हात धुतले आणि स्टूल ओढून बसले. मॅडमनी त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला.

त्या दोन दिवसांत मी तीनदा जाऊन आलो. चहा गार झालेला प्रत्येक वेळी पाहिला. शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चित्र पाठवलं गेलं.

शनिवारी त्यांनी डिंगोऱ्याचा दुसरा मोर कागदाशिवाय, नजरेने काढला. तो पहिल्यापेक्षा बारीक झाला. मालकाने तक्रार केली. पेंटरनी त्याला सांगितलं, "ह्यो येगळा मोर हाय." मालकाला ते अजून पटलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये झोपेतच पेंटर गेले. निबंध नोव्हेंबरमध्ये छापून आला. मॅडम प्रत घेऊन राजुरीला गेल्या. पेंटरच्या पत्नीने चष्मा लावून पान पाहिलं आणि विचारलं, "ह्यातली बाई कंची?" मॅडमनी बोट ठेवलं. चित्राखाली पेंटरचं पूर्ण नाव आहे. चित्रातल्या दोन्ही कोळंब्यांची मोठी नांगी उजवीकडे आहे.