तपासणीपुरते यंत्र

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी मावशी सुमन वारली. जिंतूर तालुक्यातील ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती एकवीस वर्षे परिचारिका होती तिथेच, दम्याच्या झटक्याने. केंद्रातले ऑक्सिजनचे यंत्र त्या वेळी केंद्रात नव्हते.

गुणवत्ता तपासणीचे पत्र आठ दिवस आधी येई. मग खाटांवर नव्या चादरी पडत, आणि प्रत्येक वस्तूपाशी मावशीच्या ठसठशीत अक्षरातली पाटी लागे. ऑक्सिजनचे चालू यंत्र दोन केंद्रांत मिळून एकच होते, तेही शेजारच्या केंद्राचे. पेशंट जास्त म्हणून ते बहुधा मावशीकडे असे. तिकडची तपासणी ठरली की रुग्णवाहिकेतून तिकडे जाई. चालक गफूरभाई म्हणत, "सिस्टर, माझ्या गाडीत पेशंटपेक्षा ही मशीनच जास्त फिरायलीय. हिचा पास काढा."

"गप बसा गफूरभाई. मार्क कमी पडले तर साहेब तुमाला बोलणार हायत का?"

दोन वर्षांपूर्वी दोन्ही केंद्रांना प्रमाणपत्र मिळाले. मी तालुक्याचा वार्ताहर, बातमी मीच दिली. त्या दिवशी जेवताना मावशी म्हणाली होती, "लिहू नको बापू, पण ती मशीन आपली न्हाई." मी लिहिले नाही. पुढे तिने दुसऱ्या यंत्रासाठी अर्ज केला. उत्तर आले: तपासणी अहवालानुसार दोन्ही केंद्रांत यंत्र उपलब्ध आहे, सबब मागणीचा विचार करता येत नाही. तो कागद तिने मला दाखवला, घडी घातली, आणि चहा टाकायला उठली...

त्या सोमवारी संध्याकाळी शेजारच्या तपासणीसाठी तिने स्वतः यंत्र गाडीत चढवून दिले. मंगळवारी सकाळी सोयाबीनच्या मळणीची धूळ गावभर होती. ती कामावर आली तीच धापा टाकत. पुढचे मला डॉक्टरांनी सांगितले. ते ओरडले, "मशीन आणा!" मावशीने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिले. "कालच धाडली की... आपणच." सिलिंडर संपलेले होते. गाडी घेऊन शेजारच्या केंद्रातच थांबलेले गफूरभाई फोन जाताच यंत्र घेऊन निघाले, पोहोचले तेव्हा दहा वाजले होते.

यंत्र तसेच परत गेले. शेजारची तपासणी ठरल्याप्रमाणे अकराला झाली. यंत्र चालू स्थितीत आढळल्याची नोंद आहे.

गेल्या आठवड्यात मी मावशीच्या केंद्रात गेलो. कोपऱ्यात तिच्या अक्षरातली पाटी आहे: 'ऑक्सिजन यंत्र. येथून हलवू नये.' खाली फरशी मोकळी होती. केंद्राला नव्या तपासणीचे पत्र आले आहे. गफूरभाई यंत्र आणायला गेले होते.